ट्रेसच्या बटणाला अक्षर कळत नाही

गणपती मंडळाचा फलक असो, नाटकाची जाहिरात असो की पुस्तकाचे मुखपृष्ठ, मराठीत आजही कितीतरी शीर्षके आधी कागदावर हाताने लिहिली जातात. चित्रकार बोरूने, कट निबने किंवा ब्रशने अक्षर काढतो, मोबाइलवर त्याचा फोटो घेऊन पाठवतो. डीटीपी करणारा तो कोरल ड्रॉमध्ये उघडतो आणि ट्रेसचे बटण दाबतो. काही सेकंदांत अक्षर काळेभोर होते, पाठीमागचा कागद नाहीसा होतो, फ्लेक्सवर कितीही मोठे केले तरी कडा फुटत नाहीत. काम झाले, असे सगळेच समजतात. मुळात काम इथून सुरू व्हायला हवे.

त्या बटणामागे घडते ते असे. स्कॅन किंवा फोटो म्हणजे छटांच्या बारीक चौकटींची जाळी. संगणक एक सीमा ठरवतो. त्याहून गडद ते काळे, फिके ते पांढरे. मग काळ्या भागाच्या कडेने रेषा फिरवतो. कागदाच्या धाग्यात शाई पसरल्याने आलेला फुगवटा आणि लिहिणाऱ्याने मनगट वळवून मुद्दाम दिलेला फुगवटा, हे दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. म्हणून तो नको तिथे डझनावारी बिंदू टाकतो आणि हव्या त्या ठिकाणचे टोक बोथट करतो. दुरून पाहिले तर अक्षर ठीक दिसते. मोठे केले की वळणावर गुठळ्या दिसू लागतात.

या वळणांचे गणित आले ते मोटारींच्या कारखान्यांतून. फ्रान्समध्ये सित्रोएनमधील पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमधील पिएर बेझिए हे दोघे गाडीच्या पत्र्याचे वळण आकड्यांत कसे मांडावे याचा वेगवेगळा विचार करत होते. बेझिएचे नाव त्या वक्ररेषेला चिकटले. पुढे 1984 साली अडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली, 1987 साली इलस्ट्रेटर आले आणि तीच वक्ररेषा अक्षरांच्या आणि चित्रांच्या कामाला लागली. तिची ताकद थोडक्या बिंदूंत आहे. जाणकार अक्षररचनाकार वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला बिंदू ठेवतो आणि मधला ताण बिंदूला जोडलेली दांडी ओढून जुळवतो. म्हणजे स्कॅन खाली ठेवून तो अक्षर पुन्हा काढतोच. पूर्वी हेच काम ट्रेसिंग पेपर आणि लाइटबॉक्सवर होई.

काय राखायचे आणि काय सरळ करायचे, याचा निवाडा देवनागरीत तर पावलोपावली करावा लागतो. शिरोरेषेला सूट नाही. शेजारशेजारची अक्षरे जोडताना तिची उंची आणि जाडी केसभर जरी चुकली, तरी शब्दाच्या माथ्यावर पायरी दिसते. कान्याचेही तेच. पण ‘ळ’ची गाठ, ‘क’चा पोटाकडून सुटणारा फराटा, ‘र’चा पाय इथे लिहिणाऱ्याचा हात बोलतो. शिरोरेषेला लावलेली पट्टी तिथेही लावली, तर अक्षर निर्जीव होते. शिवाय मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीतल्या वळणाहून वेगळे आहेत. साफसफाई करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर तो एखाद्या तयार फॉन्टमधले अक्षर उचलून तिथे बसवतो आणि चित्रकाराची ओळख त्या एका अक्षरापुरती पुसली जाते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मोदक’ हा फॉन्ट पाहावा. सुरुवात कागदावरच्या रेखाटनांतून झाली: देवनागरी अक्षर किती गुबगुबीत करता येईल? अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आवळत आवळत बारीक रेघेएवढी उरली, तरीही अक्षर वाचता येते. ती रेघ कुठे किती बारीक ठेवायची हे कोणत्याही बटणाने ठरवलेले नाही. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे घडवावे लागले. विंडोज 2000 पासून लाखो संगणकांवर पोहोचलेला ‘मंगल’ ज्यांनी घडवला, ते र. कृ. जोशी तर स्वतः कसलेले सुलेखनकार होते. आयआयटी मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकवल्या. पडद्यावरचे शिस्तबद्ध अक्षर आणि कागदावरचे मुक्त अक्षर, दोन्ही एकाच हातातून उतरले याला फार महत्त्व आहे.

आणि साफ करणे नेहमी गरजेचेच असते असेही नाही. 1961 साली आलेल्या डिस्नेच्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’मध्ये चित्रकारांच्या पेन्सिल रेषा झेरॉक्सच्या तंत्राने थेट पारदर्शक सेलवर उतरवल्या गेल्या. तोवर त्या रेषा शाईने नव्याने गिरवल्या जात. नव्या पद्धतीत खरबरीत, जिवंत रेष तशीच राहिली. वॉल्ट डिस्नेंना ते रूप रुचले नव्हते. आपली रेष जशीच्या तशी पडद्यावर पाहून काही चित्रकार मात्र सुखावले. कागदावरची रेष स्वच्छ होताना काय हरवते, हे ती काढणाऱ्यालाच सर्वांत आधी कळते.

म्हणूनच हा प्रश्न तंत्राइतकाच पैशाचा आणि श्रेयाचा आहे. शीर्षक लिहिणाऱ्याला एकदा मानधन मिळते. त्याचे ट्रेस केलेले अक्षर मग फाइलींतून फिरत राहते, त्यातली चार अक्षरे उचलून दुसरेच शीर्षक जुळवले जाते आणि त्याचे नाव कुठेही येत नाही. याला चांगला पर्याय दिसला आहे. हनीफ कुरेशी यांनी दिल्लीतून सुरू केलेल्या ‘हँडपेंटेड टाइप’ उपक्रमात रस्त्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांच्या अक्षरांचे फॉन्ट झाले, त्यांना त्या पेंटरांची नावे मिळाली आणि विक्रीत त्यांचा वाटा ठरला. कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकाराने मराठी नाटकांच्या जाहिरातींना चेहरा दिला, त्या महाराष्ट्रात हे करणे अवघड नसावे.

मराठी प्रकाशकांनी आणि नाट्यनिर्मात्यांनी किमान काही गोष्टी लगेच कराव्यात. मूळ कागद फोटोवर न भागवता 600 डीपीआयवर, करड्या छटांसह स्कॅन करावा आणि ती फाइल काहीही न पुसता जपावी. स्वच्छ केलेले अक्षर छापण्याआधी लिहिणाऱ्याला दाखवावे आणि त्या दुरुस्तीच्या वेळेचेही पैसे द्यावेत. श्रेयनामावलीत मुखपृष्ठ आणि मांडणीच्या शेजारी अक्षरांकनाचा वेगळा उल्लेख हवा, आणि अक्षर दुसऱ्या कामासाठी वापरायचे असेल तर त्याचे मानधन करारातच लिहिलेले असावे.