गोळी बदलली आणि मधेच डाग



पर्युषण जवळ आलं की राहात्यात हा विषय हळू आवाजात निघतोच. कुटुंब नियोजनाची गोळी बदलली आणि पाकीट अर्ध्यावर असतानाच डाग दिसू लागले. अडचण धरायची का? स्थानकात जायचं का?

नवीन गोळीवर पहिले दोन-तीन महिने असं होऊ शकतं, बहुतेकदा आपोआप थांबतं. असज्झायचं महासतीजींना विचारा. पण गोळी मनाने बंद करू नका, हे माझं स्पष्ट मत.

माला-एनच्या 28 गोळ्यांत 21 कामाच्या, 7 लोहाच्या. रात्री झोपताना घ्या म्हणतात, आणि चौविहार करणारीची ती हमखास चुकते. चुकली की पुन्हा डाग. त्यापेक्षा दुपारी जेवणानंतर घ्यावी. अठाईत तर आठ दिवस गोळीच नाही, म्हणजे संरक्षणही नाही. पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांशी बोला, नवऱ्याशीही. (संयम काय एकट्या बाईनेच पाळायचा?)

रक्त जास्त जात असेल, पोट दुखत असेल किंवा तीन महिने उलटूनही थांबत नसेल, तर पारण्याची वाट न बघता सरकारी दवाखान्यात दाखवा. गोळ्या चुकल्या असतील तर दिवस राहिलेत का, तेही तपासून घ्या.