अठरावे वर्ष : सही आणि चाक

अठरा वर्षांच्या भारतीय नागरिकाला मतदानाचा अधिकार १९८९ साली मिळाला. त्यापूर्वी ही मर्यादा एकवीस होती. करारावर, म्हणजेच कर्जाच्या कागदावर सही करण्यास मात्र तो १८७५ च्या सज्ञानता कायद्यापासूनच सर्वसाधारणपणे पात्र होता. ऋणको म्हणून ज्याच्यावर विश्वास टाकला गेला, त्याला मतदार होण्यासाठी ११४ वर्षे थांबावे लागले. व्यवस्थेला तरुणांकडून प्रथम काय हवे असते, हे यावरून उमगावे.

आज बारावीचा निकाल लागतो न लागतो तोच दुचाकीच्या ‘सुलभ हप्त्यां’चे आमंत्रण घरात येते. या सुलभतेचा हिशेब मांडून पाहणे अगत्याचे आहे. समजा, कर्ज ९०,००० रुपये, मुदत तीन वर्षे आणि व्याज ‘सरळ १० टक्के’. एकूण व्याज २७,००० आणि मासिक हप्ता ३,२५० रुपये होतो. मुद्दल दरमहा फिटत असते. व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ९०,००० वरच आकारलेले असते. घटत्या शिलकेवर हिशेब केल्यास हाच दर सुमारे १८ टक्के भरतो. सर्व खर्चांसह वार्षिक दर सांगणारे विवरणपत्र नव्या किरकोळ कर्जदारास देणे रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक केले आहे. तेव्हा ‘हप्ता किती?’ हा प्रश्न नंतरचा; ते पत्र आधी मागून घ्यावे.

दुसरा सापळा जामीनकीचा. मित्राखातर पतपेढीत केलेली सही ही केवळ ओळख नव्हे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात अन्यथा ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते.

वाहनाच्या बाबतीतही प्रश्न जबाबदारीचाच आहे. गिअर नसलेली, ५० सीसीपर्यंतची दुचाकी सोळाव्या वर्षी चालविता येते; इतर दुचाकी व मोटार अठराव्या वर्षांनंतरच. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. याहून मोठा धोका विम्याचा आहे. तृतीय पक्ष विमा नसताना अपघात झाला, तर मृताच्या कुटुंबास द्यावयाची लाखोंची भरपाई वाहनमालकावर येते. जुनी दुचाकी घेणाऱ्याने म्हणूनच विम्याची मुदत आधी तपासावी, आणि विकणाऱ्याने नोंदणी दुसऱ्याच्या नावावर झाल्याखेरीज स्वस्थ बसू नये. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर कायदा बोट ठेवतो.

१९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप होता. त्याला प्रथम मिळालेल्या जामिनाच्या अटींत अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिणे ही एक अट होती. लोकक्षोभानंतर तो आदेश फिरविण्यात आला. संपन्न घरातील मुलाच्या मदतीला निष्णात वकील धावतात. शेतमजुराच्या मुलाकडून असा अपघात घडला, तर त्या घराची जमीनही जाते आणि उमेदही.

वैयक्तिक उपदेशाने व्यवस्था बदलत नाही, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. तो अर्धाच खरा आहे. गावाला वेळेवर एस. टी. मिळाली तर निम्म्या दुचाकींची निकडच उरणार नाही. ती मागणी सोडता कामा नये. परंतु हप्त्याच्या धाकाखाली वावरणारा तरुण कामगार संपात उतरायला कचरतो. एका महिन्याचा पगार बुडाला की गाडी ओढून नेली जाईल, ही भीती त्याला मालकापुढे नमविते. त्याला कर्जाचा कागद वाचायला शिकविणे हे म्हणूनच संघटनेचे काम आहे.

प्रत्येक शाखेने महिन्यातील एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी. व्याजाचा हिशेब फळ्यावर मांडावा, विम्याचे कागद हाती देऊन वाचून घ्यावेत, शिरस्त्राणाचा पट्टा बांधून दाखवावा. जो अभ्यास अपघातानंतर निबंधाच्या रूपाने करवून घ्यावा लागतो, तो आधीच झालेला बरा.