पट्टी न वाचता मिळालेली पदवी

धाकट्या भावाची लेक पुण्यात अर्थशास्त्राच्या पदवीला आहे. हजारोंनी प्रवेश परीक्षा द्यायची आणि मूठभरांनी आत जायचं, असलं ते कॉलेज. तिला प्रवेश मिळाला तेव्हा गावभर पेढे मीच वाटले.

२०२३ च्या डिसेंबरात ती सुटीला आली. मी दहावी शिकलेला, म्हणून तिचं इंग्रजी पुस्तक तिनंच समजावून सांगितलं. पूर्ण स्पर्धेच्या धड्यात उदाहरण कुणाचं, तर शेतकऱ्याचं! विकणारे पुष्कळ, घेणारे पुष्कळ, माहिती सगळ्यांना सारखी.

मी म्हटलं, "पोरी, घेणारे पुष्कळ कुठं बघितलेस? चल उद्या."

८ डिसेंबरला सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली होती. बाजार समितीत आमच्या ट्रॉलीपुढं पाच-सहा व्यापारी थांबले, बोली दोघांनीच लावली. भाव आधीच्या आठवड्याच्या निम्मा. लाल कांदा चाळीत टिकत नाही. परत नेला तर सडणार. दिला.

ती म्हणाली, "नाना, नाशवंत मालाचं पुस्तकात पुढं दिलंय."

"असेल. पण तुमच्यातल्या किती जणांनी तो सडताना बघितलाय?"

ती गप्प बसली. वर्गात शेतकऱ्याची पोरं किती, विचारलं, तर दोन बोटं दाखवली.

माझं भांडण पुस्तकाशी नाही. उद्या हीच हुशार पोरं बँकांत आणि दिल्लीच्या कचेऱ्यांत बसणार. शहरातल्या महागाईचा आकडा त्यांच्या टेबलावर रोज येईल. आमची पट्टी कधीच येणार नाही. भाव चढला की बंदी, आणि पडला की 'हा बाजाराचा नियम' म्हणायचं. असला कसला नियम, जो एकाच बाजूनं चालतो?

शिकलेल्यांनी मातीत उतरायचं नसतं, असंही नाही. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात अर्थशास्त्र शिकले आणि १९१८ साली त्यांनी लहान शेतीवर लिहिलं. जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरावर नाही, तिला मिळणाऱ्या भांडवलावर आणि अवजारांवर ठरतं, हे त्यांनी मांडलं. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले संस्थेचे पहिले संचालक आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही. त्यांचं गणित कच्चं होतं काय?

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रवेशाला गणित जरूर बघा. पण पहिल्या वर्षी प्रत्येकाला एक हंगाम बाजार समितीत उभं करा. वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेले पैसे. मग पट्टीत नसलेलं बियाणं, मजुरी, डिझेल मांडायला लावा. हा हिशोब सोडवल्याशिवाय पदवी देऊ नका. आमच्या पोरीलाही नको.