ताटातला मोदक

आमच्या घरातील मुलीला आठव्या वर्षापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. गणेश चतुर्थीला पाहुणे येतात आणि तिच्या ताटाकडे पाहून हळूच म्हणतात, "बिचारी! लहानपणी फार गोड खाल्ले असेल." ऐकून तिच्या आईची मान खाली जाते. म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो: हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षणशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. यात आईचा दोष नाही, मुलीचाही नाही.

१९२२ पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. त्या वर्षी जानेवारीत टोरांटोला एका १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि चित्र पालटले. आज आमची मुलगी मोदकातल्या गुळाचा व पिठाचा हिशेब करते, तेवढे इन्सुलिन टोचून घेते आणि सर्वांबरोबर मोदक खाते. दोन तासांनी रक्त तपासते. आकडा जागेवर दिसला की सारे घर हसते. कधी साखर उतरते, हात थरथरतात. तेव्हा पाण्यात तीन लहान चमचे साखर हेच तिचे औषध! मॉरिशसच्या उसाचे याहून मोठे सार्थक कोणते?

हे आनंद लहान आहेत, पण रोजचे आहेत. येत्या चतुर्थीला तिच्या ताटातला मोदक काढून घेऊ नका, तिची कीवही करू नका. फक्त विचारा, "बाळ, हिशेब झाला?" आणि वाढा.