गल्ला, रोजमेळ आणि सचोटी

जळगांवालगतच्या असोद्याचें नांव निघालें कीं भरिताच्या वांग्यांची आठवण होते. जळगांवच्या या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. वांगें शेतांत पिकविणाऱ्याच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाहीं. परंतु तेंच भाजून खानावळींत वाढलें कीं तो धंदा झाला, व त्याच्या नफ्याचा हिशेब देणें आलें. हा हिशेब दडविला असतां तो उघडकीस कसा येतो, हें आज पाहूं.

समजा, एका खानावळवाल्यानें महिन्यांत ३०० किलो वांगीं घेतल्याचा खर्च लिहिला आणि विक्री मात्र ६०० ताटांची दाखविली. किलोमागें चार ताटें होत असतील, तर निम्मीं वांगीं गेलीं कोठें? खर्च फुगावा म्हणून खरेदी पुरी लिहिली जाते व विक्री अर्धी. मग एकाच वहीचीं दोन पानें परस्परांविरुद्ध साक्ष देतात.

दुसरी कसोटी रोजमेळाची. गल्ल्यांतील रोकड शून्याखालीं कधींच उतरत नाहीं. सकाळची शिल्लक १,००० रुपये, दिवसाची विक्री ४,००० आणि रोख दिलेले ७,००० अशी नोंद आढळली, तर वरचे २,००० आले कोठून, याचें उत्तर मालकास द्यावें लागतें.

गल्ल्याचें यंत्र अमेरिकेंतील डेटन येथील जेम्स रिटी यानें १८७९ सालीं काढलें, तें नोकरांनीं पैसे खिशांत घालूं नयेत म्हणून. आज तेंच धन्यावर पहारा करतें. वस्तु व सेवाकराच्या नियमांप्रमाणें बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात. ४१२ नंतर एकदम ४१५ आला, कीं मधल्या दोन बिलांची विचारणा होते.

थोडक्यानें काय होतें, असें कोणी म्हणूं नये. मध्यप्रदेशांतील एका व्यापाऱ्याकडे १९६० सालीं अवघ्या १९ दिवसांचीं, सुमारें ३१ हजार रुपयांचीं, वहीबाहेरचीं बिलें सांपडलीं. त्यांवरून अधिकाऱ्यांनीं वर्षाच्या विक्रीचा अंदाज बांधला, आणि १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो उचलून धरला. सत्य दडविणाऱ्यास अचूक आंकड्याचा हट्ट धरतां येत नाहीं, हें त्याचें तात्पर्य.

प्रत्येक तफावत लबाडीचीच असते असें नव्हे. वांगीं किडतात, नासतात, घरच्यांच्या पानांतहि जातात. ज्यानें हें त्याच दिवशीं टिपून ठेविलें, त्यास भय नाहीं.

आमच्या वाचकांत दुकानदार थोडे, परंतु हिशेबनीस व लेखापरीक्षक यांचीं घरें पुष्कळ. दुसरी वही धनी बहुधा स्वतः लिहीत नाहीं. तें काम एखाद्या शिकलेल्या, गरजू तरुणाच्या गळ्यांत पडतें. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर दडविणें म्हणजे परक्याची ठेव गिळणें होय, आणि त्या पापांत लेखणी धरणाराहि वांटेकरी होतो. मुलास नोकरी लागली म्हणजे पगार किती, हें आपण आवर्जून विचारतों. त्याबरोबरच, तेथें वह्या किती, हेंहि वडीलधाऱ्यांनीं विचारावें, अशी आमची सूचना आहे.