आईची खोली आणि लाकडाची फरशी

२०२४ च्या श्रावणात आमची आई घसरून पडली. स्वतःच्याच खोलीत, स्वतःच्याच हातून सांडलेल्या वाटीभर पाण्यावर. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लॅस्टर. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, "खुबा वाचला, हे नशीब समजा." घरी आल्यावर मला त्या फरशीकडे बघवेना. कारण ती चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल मीच हौसेनं बसवून घेतली होती, जुनी शहाबादी उखडून. शहाबादीवर पाय कसा धरून राहायचा! व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. दुकानदार हा तिचा मोठा गुण म्हणून सांगतो, आणि तो आहेही. पण न शोषलेलं पाणी वरच राहतं, आणि त्यावर आपली आई पाय ठेवते.

लाकडाची फरशी ही सूचना आमच्या सौभाग्यवतींची. आईचे गुडघे थंडीत धरतात, पहाटे पलंगावरून पाय खाली टाकायला ती धजत नाही. आता खोलीतली टाइल आणि लाकूड यांचं तापमान एकच असतं, पण टाइल तळपायाची ऊब झरझर ओढून घेते, लाकूड सावकाश. म्हणून लाकूड 'गरम' लागतं. आमचे सासरे धारवाडचे, त्यांनी ऐकल्याबरोबर एकच प्रश्न टाकला, "नीरु बिद्दरे एनु?" पाणी पडलं तर काय? पुढचे सहा महिने मी या तीन शब्दांचं उत्तर शोधत होतो असं म्हटलं तरी चालेल.

पहिल्या दुकानात 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून जे दाखवलं ते सुंदर होतं. चार पट्ट्या शेजारी मांडल्या, तर दुसऱ्या आणि चौथ्या पट्टीवर तीच गाठ, त्याच जागी, त्याच आकाराची. झाडाला इतकं तंतोतंत जमत नाही! ते लॅमिनेट होतं. म्हणजे लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेला तक्ता, त्यावर लाकडाचं छापील चित्र आणि वर पारदर्शक कवच. वाईट वस्तू नाही, स्वस्त आहे, ओरखडेही कमी पडतात. पण सांध्यातून पाणी आत गेलं की कडा फुगतात, आणि फुगलेल्या कडा वाळल्यावरही पूर्वीसारख्या बसत नाहीत. राग आला तो त्याला सर्रास 'इंजिनिअर्ड वुड' म्हणून विकण्याचा.

खरं इंजिनिअर्ड लाकूड ओळखायचं तर पट्टी हातात घ्या आणि तिची कड बघा. वर अस्सल लाकडाचा एक थर दिसेल, खाली बहुतेक प्लायवूडसारखे थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा. ही आडवी-उभी मांडणी हेच त्यातलं सगळं मर्म. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीला ते जवळजवळ वाढत नाही, रुंदीला मात्र फुगतं. आपल्याकडची दारं जुलैत अडकतात आणि मार्चमध्ये खुळखुळतात ती याचमुळे. नुसत्या सागवानी फळ्यांची जमीन केली तर बेळगावच्या पावसात ती फुगणार आणि उन्हाळ्यात फटी दाखवणार. आडव्या थरांमुळे एक थर फुगू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. फुगणं थांबत नाही, आवरलं जातं.

दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे वरचा थर किती मिलिमीटर? एक मिलिमीटरच्या आत असेल तर ती फरशी एकदाच वापरायची, घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. तीन-चार मिलिमीटर असेल तर पुढे एक-दोनदा घासून नवी करता येते. किमतीतला फरक मुख्यतः इथेच असतो. आम्ही तीन मिलिमीटरचा ओक घेतला. सासरे दांडेलीच्या सागवानाचे अभिमानी, त्यांना ही परकी जात पटेना. खरं सांगायचं तर मलाही नव्हती पटली. पण लाकडाची कठीणता मोजायची जान्का नावाची चाचणी आहे, पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. तीत पांढरा ओक सागवानाच्या पुढे जातो. सागवानाची थोरवी वेगळी आहे, अंगच्या तेलामुळे ते ओलाव्याला आणि वाळवीला दाद देत नाही. चकाकी मात्र आम्ही निक्षून नाकारली. चकचकीत पॉलिशचं लाकूडही घसरतं. मग टाइलनं काय घोडं मारलं होतं?

आणि इथे गाडी अडली. टाइल काढल्या, खालचा कोबा उघडा पडला, आणि एका जाणकार सुतारानं (हा माणूस मिस्त्रीपेक्षा मास्तर शोभला असता) काही बोलण्याआधी दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर अंथरून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. "उद्या या वेळेला बघू," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कागदाच्या आतून थेंब लटकत होते. जमीन ओली. पलीकडच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीत कधीपासून पाझरत होता कोण जाणे. तसंच लाकूड बसवलं असतं तर सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर वरून नव्हे, खालून मिळालं असतं. पाणी पडतं तसं चढतंही!

पाइप बदलला. नवा कोबा घातला. तो वाळायला दर मिलिमीटरला एक दिवस असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे चाळीस मिलिमीटरला चाळीस दिवस, तेही हवा कोरडी असेल तर. आई तोवर हॉलमध्ये दिवाणावर. एक दिवस ती म्हणाली, "अरे, माझ्यासाठी कशाला एवढा खर्च? मी अजून किती दिवस?" मी काही बोललो नाही. सौभाग्यवतींनी मात्र तिला तिथेच गप्प केलं, "आई, मलाही म्हातारी व्हायचंय याच घरात."

फेब्रुवारी २०२५ मध्ये कागद कोरडा निघाला. पट्ट्यांच्या पेट्या तीन दिवस आधीच आणून त्याच खोलीत ठेवल्या, खोलीच्या हवेची सवय व्हावी म्हणून. भिंतीच्या कडेनं वाळवीचं औषध, मग प्लॅस्टिक, त्यावर पातळ फोम, त्यावर खटके लावून पट्ट्या. खिळा नाही, डिंक नाही. चारी भिंतींशी दहा मिलिमीटर फट सोडली, फुगायला जागा हवी ना. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. एक चूक झालीच. गवंड्यानं कोबा जरा वर घेतला आणि लाकूड हॉलपेक्षा अर्धा इंच उंच आलं. म्हाताऱ्या माणसाला अडखळायला तेवढं पुरतं. सुतारानं उंबऱ्याशी उताराची पट्टी बसवली आणि तिच्यावरून स्वतः डोळे मिटून चार वेळा ये-जा केली. दार खालून तासावं लागलं ते वेगळंच.

पुसायचं कसं, हा खरा कसोटीचा भाग. बादलीभर पाणी ओतून खराट्यानं धुणाऱ्या घरानं या वाटेला जाऊ नये. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळ तर नकोच. आमच्या मावशींनी पहिल्याच दिवशी निथळतं फडकं मारलं, मी ओरडलो, त्या रागावल्या. आता घट्ट पिळलेलं फडकं आणि मागोमाग कोरडं, असं ठरलंय. देवाची समई आईनं आपणहून हॉलमध्ये हलवली, तेलाचा डाग नको म्हणून.

२०२५ चा पाऊस गेला. खिडकीखालच्या दोन पट्ट्यांची कड नखाला लागण्याइतकी उचलली होती, दिवाळीपर्यंत बसली. सासरे आले की वहाणा काढून आधी त्या खोलीत जातात, पायानं चाचपतात, आणि "हं" एवढंच म्हणतात.

पुढेमागे एखादी पट्टी बदलायची झाली तर तोच रंग मिळत नाही, म्हणून एक पेटी जास्तीची घेऊन ठेवलीय. ती आईच्या पलंगाखाली आहे. तिच्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी. "सपाट आहे, डुगडुगत नाही," म्हणते.