आधी माइक मोजा, मग कार्ड घ्या

किनवट तालुका हा पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगराळ आणि जंगलाचा मुलूख. गोंड, कोलाम, आंध, परधान या जमाती आणि बंजारा समाज येथे राहतात. दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी निघते. ढोल घुमू लागतात, सनईच्या जातीचे पेपरे वाजते. परधान गायक गजाने वाजणाऱ्या किंगरीवर गोंडांच्या कुळकथा गातात. समजा, येथील एखाद्या शाळेने ठरवले, की आपल्या वाद्यवृंदाचे आणि अशा जुन्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण शाळेच्याच संगणकावर करायचे. पैसे मोजके आहेत. मग साउंड कार्ड कोणते घ्यावे?

दुकानात गेल्यावर खोक्यावरचे मोठमोठे आकडे डोळ्यांत भरतात आणि ज्याचा आकडा मोठा ते कार्ड चांगले, असे वाटू लागते. माझे मत निराळे आहे. शाळेने दोनच प्रश्न विचारावेत. एकाच वेळी किती माइक जोडता येतात? आणि प्रत्येक माइकची पातळी हाताने कमीजास्त करता येते काय?

असे का, ते समजण्यासाठी कार्डाचे काम पाहू. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील कंपने. माइक त्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. कार्ड हा चढउतार ठरावीक अंतराने मोजते आणि प्रत्येक मापाचा एक आकडा संगणकाला देते. 1989 साली आलेले ‘साउंड ब्लास्टर’ संगणकाच्या पोटात बसवावे लागे. आज ध्वनिमुद्रणासाठी यूएसबी तारेने बाहेरून जोडायची लहान पेटी मिळते. कामाचे तत्त्व मात्र तेच आहे.

आता खोक्यावरचे आकडे तपासू. माणसाला साधारणपणे 20 ते 20,000 हर्ट्‌झ कंप्रतेचे आवाज ऐकू येतात. एखादी कंप्रता नीट टिपायची, तर सेकंदाला तिच्या दुपटीहून अधिक मापे घ्यावी लागतात. म्हणूनच 1982 साली बाजारात आलेल्या सीडीसाठी 44,100 मापे पुरेशी ठरली. 1,92,000 मापे घेणारे कार्ड 96,000 हर्ट्‌झपर्यंत पोहोचू शकेल. पण ते ऐकायला आपल्या घरी वटवाघूळ हवे! शिवाय 48,000 मापांच्या तुलनेत संगणकावर चौपट जागा अडते.

दुसरा आकडा बिटांचा. प्रत्येक बिट सुमारे 6 डेसिबलचा आवाका वाढवतो. 16 बिटांत 65,536 पायऱ्या मिळतात. 24 बिटांत 1 कोटी 67 लाखांहून अधिक. हा आकडा मात्र उपयोगाचा आहे. ढोलावर अचानक जोराची थाप पडली आणि ती कार्डाच्या मर्यादेबाहेर गेली, तर लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. तो नंतर पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असते. 24 बिट असले, की पातळी 12 डेसिबल खाली ठेवूनही नुकसान होत नाही. दोन बिट खर्ची पडतात, इतकेच. सुदैवाने आजची साधी कार्डेही 24 बिटांची असतात.

कोणी म्हणेल, मग मोबाईल काय वाईट? अनेक मोबाईल आवाजाची पातळी आपोआप बदलतात. ढोल वाजला, की सारेच दबते आणि किंगरीचा नाजूक सूर हरवतो. पातळीची खुंटी आपल्या हाती असणे, हाच कार्डाचा खरा फायदा.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. आठ माइकांचे कार्ड घेतले, तर प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित होते आणि समतोल नंतर साधता येतो. हे खरे आहे. पण आठ माइक म्हणजे आठ स्टँड आणि आठ तारा. कार्डावरच पैसे संपले, तर त्यांत लावायचे काय?

येथे जुना इतिहास मदतीला येतो. 1902 साली फ्रेड गायसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. होता एक कर्णा. समतोल साधला जाई तो अंतराने. गायक कर्ण्याजवळ, मोठे वाद्य लांब. विद्युत ध्वनिमुद्रण 1925 साली आले, तोवर जगभर असेच चाले. त्यामागचे विज्ञान तुमच्या पुस्तकात आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले, की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते.

म्हणून शाळेने दोन माइकांचे साधे 24 बिटांचे कार्ड घ्यावे. कंडेन्सर माइक वापरायचा असल्यास कार्डातून 48 व्होल्टचा पुरवठा मिळतो का, ते पाहावे. उरलेले पैसे चांगल्या माइकांवर व तारांवर खर्चावेत. एक माइक गायकासमोर, दुसरा साऱ्या वृंदासमोर ठेवावा आणि ढोल मागे सरकवावा. पत्र्याची घुमणारी खोली टाळावी, पंखा बंद करावा. आधी सर्वांत मोठी थाप वाजवून पातळी ठरवावी आणि एक मिनिट मुद्रित करून ऐकावे. शिक्षकांनी वाद्ये पुढेमागे करून हाच प्रयोग वर्गालाही दाखवावा.

तुमच्या वृंदाचे गाणे बिघडले, तर उद्या पुन्हा गाता येईल. पण गावातील एखादे वृद्ध किंगरीवादक पुढच्या दिवाळीला पुन्हा बसतीलच, असे कोणी सांगू शकत नाही. त्यांच्यासमोर माइक ठेवण्याआधी आपला हात तयार असावा. साध्या कार्डावर तो आजपासूनच तयार करा.